पुणतांब्याचा सायकस आणि भंडारदऱ्याचा पराग

पुणतांब्याच्या त्या लग्नात मी मंडपाच्या दारातच अडकले. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांच्या मुलीचं लग्न होतं. मे महिन्याचं ऊन, आत अक्षता वाटणं चालू झालेलं, आणि मी कमानीला बांधलेलं एक पान दोन बोटांत धरून उभी. पान माझ्यापेक्षा उंच होतं. नारळाच्या झावळीसारखं दिसत होतं, पण झावळी नव्हती. प्रत्येक पातीला मधोमध एकच शीर, बाजूला एकही नाही. देठाला बारीक काटे. हा सायकस होता, यात शंका नव्हती. पण बंगल्यांच्या पोर्चसमोर कुंडीत असतो तो सायकस ताठ आणि टोचरा असतो, त्याच्या पात्यांच्या कडा आत वळलेल्या असतात. ही पाती सपाट, रुंद आणि मऊ होती.

मी तेव्हा राहात्याजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नोकरी नवी होती, लग्नही नवंच होतं, आणि वर्गात ज्या झाडांची नुसती चित्रं काढून दाखवायची ती कुठे प्रत्यक्ष दिसली की मला राहवत नसे. मंडपवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ही पानं नर्सबाईंच्या दारातली. गावात कुणाचंही लग्न असो, विहारात बुद्धपौर्णिमा असो की शाळेचं स्नेहसंमेलन, पानं तिथूनच येतात.

जेवण झाल्यावर मी विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. स्टेशनकडून गावात येताना डाव्या हाताला त्यांचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. अंगणात ते झाड उभं होतं. बुंधा माझ्याहून थोडा उंच, सगळीकडून जुन्या पानांच्या देठांचे खवले, आणि शेंड्याला दोन-तीन वाकडी पानं शिल्लक. बाकी सगळी त्या दिवशीच्या कमानीला गेली होती. लग्नसराईत त्याची दरवर्षी हीच दशा होते, असं नंतर कळलं.

नर्सबाई साठी ओलांडलेल्या, उंच, चष्म्याला दोरी बांधलेल्या. सरकारी दवाखान्यांत सारी नोकरी झालेली, मिस्टर वारलेले, मुलगा-सून नाशिकला. मी कोण, कशाला आले, हे सांगितल्यावर त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि मग झाडाची हकीकत सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना तळकोकणात, गोव्याच्या हद्दीजवळ, डोंगरातल्या एका दवाखान्यात टाकलं होतं. देशावरची मुलगी, तिथलं काहीच ओळखीचं नाही. एका बाळंतपणानंतर त्या घरच्या म्हातारीने त्यांना या झाडाचं रोप दिलं. बदली झाल्यावर बिस्किटाच्या डब्यात घालून, मांडीवर घेऊन त्यांनी ते एस.टी.ने इथवर आणलं.

"तिकडं लई हुतं हे," त्या म्हणाल्या. "डोंगराच्या उतारावर जिकडं बघावं तिकडं. पावसाळ्यात धान संपलं की बाया ह्याच्या बिया वाहत्या पाण्यात भिजत घालायच्या, बरेच दिवस. मग दळायच्या. तशाच खाल्ल्या तर इख."

मी विचारलं, याला इथे कधी बिया आल्या का? त्या म्हणाल्या, मधे कधीतरी शेंड्यावर लोकरीसारखं काहीतरी आलं, त्याला गोट्याएवढ्या गाठी धरल्या आणि वाळून पडल्या. मी मनात म्हटलं, म्हणजे मादी.

आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं सर म्हणत असे, ते अशा बातमीने उड्या मारणारे नव्हते. निवृत्तीला काही वर्षं राहिली होती, आणि उत्साही तरुण प्राध्यापकांनी आणलेली अनेक "दुर्मिळ" झाडं शेवटी रस्त्याकडेचं तण निघालेली त्यांनी पाहिली होती. पण पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर आले. भिंग काढून पातीची खालची बाजू पाहिली, बुंध्याभोवती दोनदा फिरले, नर्सबाईंना विचारून एक पान घेतलं आणि परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "हा कुंडीतला जपानी नाही. हा आपल्या घाटातला रानटी दिसतो. पुण्याला दाखवतो."

पुण्याला त्यांचे एक जुने मित्र वाळवलेल्या वनस्पतींच्या मोठ्या संग्रहात काम करत. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत पान घेऊन गेले आणि परतल्यावर त्यांनी मला स्टाफरूममध्ये बसवून सगळं सांगितलं. झाड रानटीच होतं, सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलातलं. धोक्यात आलेल्या झाडांची जी यादी करतात, तिच्यात त्याला नेमकं कुठे बसवायचं यावर मात्र जाणकारांत एकमत नव्हतं. एकजण म्हणे संकटात आहे, दुसरा म्हणे माहितीच अपुरी आहे. सगळे उतार पायाखाली घातलेला माणूस कुणीच नव्हता. जंगल तोडून बागा होत होत्या हे खरं, आणि शहरातल्या मंडपांसाठी पानांचे टेम्पो भरून जात होते हेही खरं. झाड वाढतं अगदी हळू. शिवाय नर वेगळा, मादी वेगळी. मधली झाडं गेली आणि दोघांत अंतर पडलं की मादी उभी असते, पण बी धरत नाही.

"म्हणजे पुणतांब्याच्या झाडासारखं," मी म्हटलं.

"पुणतांब्याच्या झाडाला निदान पाणी घालणारं कुणी आहे," सर म्हणाले.

पानं तोडणं थांबवायला हवं होतं, आणि ते नर्सबाईंना मी सांगायचं ठरलं. मला ते जड गेलं. त्या झाडाने त्यांना गावात एक जागा दिली होती. पाटलांच्या घरचं कार्य असो की मजुराच्या, पानं मागायला माणूस त्यांच्याच दारात येई, आणि त्या कुणालाही नाही म्हणत नसत. मी चाचरत सांगितलं, की एकदम सगळी पानं काढली की झाडाचं बळ जातं, आणि हे झाड आता जंगलातही कमी होत चाललंय. त्यांनी ऐकून घेतलं. चहा मात्र नेहमीसारखा झाला.

पुढच्या लग्नसराईत मी गेले तेव्हा त्यांचा निर्णय होऊन अंमलही सुरू झाला होता. ज्याच्या घरी लग्न त्याला एक पान, तेही खालचं, जुनं. मंडपवाला फुरंगटून गेला. पहिल्या एक-दोन घरांना वाईट वाटलं. पण मग त्या एकाच पानाचं महत्त्व वाढलं. ते कमानीला बांधायच्या ऐवजी लोक ते वधूवरांच्या खुर्च्यांमागे मधोमध लावू लागले, आणि नर्सबाई स्वतः ते पान धुऊन, पुसून, हातात घेऊन लग्नाला जाऊ लागल्या.

त्या पावसाळ्यात झाडाला पानांचा नवा फेर फुटला. हिरवागार, वर वळलेला, मग हळूहळू खाली झुकत उघडणारा. मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि मी तर पेशाने झाडंच पाहणारी.

पुणतांब्याच्या मादीला बी धरायचं तर नराचा पराग हवा होता, आणि नर झाडाचा शोध सरांच्या आठवणीत लागला. दरवर्षी ते विद्यार्थ्यांची सहल अकोले तालुक्यात नेत. भंडारदऱ्याला धरणाजवळ एका जुन्या सरकारी विश्रामगृहाच्या आवारात त्यांनी कधीतरी शेंड्यावर मोठं कणीस आलेलं झाड पाहिलं होतं, आणि असं कणीस येतं ते नरालाच. तेव्हा पोरं मोजण्याच्या गडबडीत नीट पाहायचं राहून गेलं. कुणा हौशी इंजिनिअर साहेबाने कधीकाळी लावलं असावं. सरांनी त्याचं पान मागवून पुण्याला दाखवलं. दोन्ही पानं एकाच जातीची निघाली.

मग एका मार्चमध्ये विश्रामगृहाच्या चौकीदाराने निरोप धाडला, की कणीस आलंय आणि वास सुटलाय. आम्ही निघालो. सर, मी आणि नर्सबाई. नर्सबाईंना न्यायचं आमच्या मनात नव्हतं, प्रवास लांबचा. पण त्यांनी विचारलंच नाही, पिशवी भरून राहात्याच्या स्टँडवर येऊन उभ्या राहिल्या. कोकणानंतरचं सारं आयुष्य नगर जिल्ह्यात गेलं, पण भंडारदरा त्यांनी पाहिला नव्हता. संगमनेरला बस बदलली, अकोल्याला पुन्हा बदलली, आणि राजूरच्या पुढे जीपमध्ये मागच्या बाजूला गुडघ्याला गुडघा लावून बसलो. कोरडी ऊसपट्टी मागे राहिली. भाताची कापलेली खाचरं, करवंदीच्या जाळ्या, आणि मग एका वळणावर एकदम धरणाचं पाणी. नर्सबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

विश्रामगृहाच्या मागच्या बाजूला तो नर उभा होता. आमच्या मादीपेक्षा उंच, आणि शेंड्याच्या मधोमध नारिंगी-पिवळं कणीस, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. जवळ गेलं की उग्र, आंबूस वास येत होता. नर्सबाईंनी पदर नाकाला लावला, खालून वर त्याला नीट निरखलं आणि म्हणाल्या, "नवरा बरा हाय. पन वास मारतोय."

सर हसले. मी त्यांना कॉलेजात कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं.

चौकीदाराला कणीस तोडू द्यायचं नव्हतं. झाड सरकारी, वर साहेबाला विचारावं लागेल, असं त्याचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. सरांनी सांगितलं की तोडायचं नाहीच, फक्त झटकायचं. मग त्यानेच शिडी आणून दिली. मी वर चढले, कणीस हाताला किंचित ऊबदार लागलं; खाली सर आणि नर्सबाई वर्तमानपत्राचा कागद पसरून. मी कणसावर हलकेच टिचक्या मारत होते आणि चण्याच्या पिठासारखा फिकट पराग कागदावर पडत होता. वारा आला की सगळे श्वास धरून थांबत. स्टीलच्या डबीत तळ झाकेल इतका पराग जमला.

तेवढा पराग घेऊन आम्ही परतलो, पण मादी तयार व्हायला अजून वेळ होता. शेंड्यावर नुकती तपकिरी लोकर दिसायला लागली होती. तोवर पराग कोरडा आणि थंड ठेवायला हवा. माझे मिस्टर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी ओल शोषून घेणारे निळे खडे आणून दिले, आणि खड्यांच्या बरणीत परागाची पुडी घालून मी ती घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. एका रविवारी सासूबाई भजी करायला निघाल्या आणि पीठ शोधता शोधता त्यांचा हात त्या बरणीपर्यंत पोचला. मिस्टरांनी वेळीच पाहिलं. त्यानंतर बरणीवर मोठ्या अक्षरांत "खायचं नाही" असा कागद लागला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रिज उघडून तो दाखवत, आणि आत काय आहे ते सांगताना त्यांना मजा येई.

मेच्या सुरुवातीला नर्सबाईंचा निरोप आला, लोकर उघडतेय. सायकसच्या मादीला फूल नसतं. शेंड्यावर मखमली, फिकट तपकिरी रंगाची लहान पानांसारखी अंगं येतात आणि त्यांच्या कडेला बीजांडं असतात. ती अंगं जरा सैल झाली की आत पराग जायला वाट होते. ती वेळ थोडेच दिवस असते. आम्ही सकाळी ऊन चढायच्या आत पोचलो. सरांनी कुंचला आणला होता. नर्सबाईंनी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि आपल्या जुन्या बॅगेतून रबरी फुगा काढला, कान धुवायला वापरतात तसला. कुंचल्याने वरवर लागेल, आत जाणार नाही, हे त्यांचं म्हणणं सरांनाही पटलं. फुगा त्यांनी आदल्या दिवशी उकळून, उन्हात खडखडीत वाळवून ठेवला होता.

स्टुलावर त्याच चढल्या. मी चढते म्हटलं तर म्हणाल्या, "आयुष्यभर बाळंतपनं केली. पन ही सुरवात करायची पहिलीच येळ." हात मात्र नोकरीतले होते, जराही हलत नव्हते. फुग्यात पराग ओढून घ्यायचा, दोन अंगांच्या फटीत टोक धरायचं, हलकेच दाबायचं, आणि पुढची फट. सर खालून कुठलं राहिलं ते सांगत होते. शेजारच्या बाया कुंपणापलीकडून पाहत होत्या आणि नर्सबाई त्यांना न वळता उत्तरं देत होत्या. पुढच्या काही सकाळी त्यांनी एकटीने तेच केलं, जोवर फट दिसत होती तोवर.

मग वाट पाहणं. पावसाळ्यात गाठी धरल्या. मला आनंद झाला, पण सर म्हणाले की पराग मिळाला नाही तरी गाठी फुगतात, आतून पोकळ राहतात. दिवाळीला त्या लहान लिंबाएवढ्या झाल्या, हिरव्या. उन्हाळ्यापर्यंत पिवळ्या पडल्या, मग नारिंगी. नर्सबाईंनी झाडाभोवती काट्याचं कुंपण केलं, कारण गल्लीतल्या मुलांना ती फळं खाण्यासारखी वाटत होती. मुलांना त्यांनी एकदाच काय ते सांगितलं असावं. पुन्हा कुणी फिरकलं नाही.

बिया पडायला लागल्या तेव्हा आम्ही तिघं त्यांच्या अंगणात बसलो. वरचा गर सोलून काढला आणि बिया पाण्याच्या बादलीत टाकल्या. भरीव बी बुडते, पोकळ तरंगते. पहिली तरंगली. दुसरी तरंगली. मूठभर टाकल्या तर त्याही तरंगल्या. नर्सबाईंनी बादलीत हात घालून सगळ्या एकदा ढवळल्या, आणि हात काढल्यावर तळाशी एक बी दिसली. तिच्याशेजारी आणखी एक. संध्याकाळपर्यंत बुडालेल्या बियांनी एक वाटी भरली. तरंगलेल्या बिया त्यांनी परसात नेऊन पुरून टाकल्या, जनावरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून.

वाटीतल्या काही बिया कॉलेजच्या रोपवाटिकेत वाळूत लावल्या, काही नर्सबाईंकडे. कॉलेजात महिनोन्‌महिने काही हललं नाही. पुणतांब्याला एका बीने आधी मूळ सोडलं, आणि पुष्कळ दिवसांनी एक पान वर काढलं, घट्ट गुंडाळलेलं. नर्सबाई ते बघायला रोज सकाळी स्टूल घेऊन बसत. मी गेले की आम्ही दोघी बसत असू. पान उलगडायला त्याला हवा तेवढा वेळ ते घेत होतं. नंतर कॉलेजातल्या बियाही उगवल्या, सगळ्या नाही, पण सर म्हणाले त्याहून जास्त.

सर निवृत्त झाले त्या वर्षी रोपांना दोन-दोन, तीन-तीन पानं होती. निरोपसमारंभात त्यांनी थोडक्यात भाषण केलं आणि नंतर व्हरांड्यात मला म्हणाले की या रोपांमुळे यादीत काही बदलणार नाही. बागेत वाढवलेलं झाड जंगलातल्या मोजणीत धरत नाहीत. ते बरोबरच आहे. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. पण ते रोपांकडे पाहत उभे होते आणि त्यांचा चेहरा समाधानी दिसत होता.

त्यानंतर पुण्याचे त्यांचे मित्र आले. दक्षिण कोकणात एका वनस्पतिउद्यानाला ही रोपं हवी होती, आणि तिथल्या जंगलात रानटी झाडं किती उरलीत ते पाहायला एक पाहणी निघणार होती. त्यांना जुनी जागा ओळखणारं माणूस हवं होतं. नर्सबाईंचा मुलगा नाशिकहून फोनवर नको म्हणाला, वय झालं, डोंगर चढायचा. नर्सबाईंनी त्याला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. रोपांची खोकी घेऊन त्या जीपमधून गेल्या. मला परीक्षेच्या कामामुळे जाता आलं नाही.

आठवड्याने परतल्या तेव्हा सर आणि मी दोघं पुणतांब्याला गेलो. त्या अंगणात पाय पसरून बसल्या होत्या, घोट्याला पट्टी बांधलेली, पण खुशीत. दवाखान्याच्या जागी आता मोठी इमारत झाली होती आणि ज्या उताराची आठवण त्यांना होती तिथे काजूची बाग होती. म्हाताऱ्या बाईच्या घरचं कुणी भेटलं नाही. पाहणीची माणसं परत फिरायला निघाली होती. पण ओढ्यापलीकडे जायचा त्यांनी हट्ट धरला, कारण त्यांच्या वेळी पलीकडेही झाडं होती.

"आन् हुती?" सरांनी विचारलं. ते कधी असं बोलत नसत.

"हुती न्हाई, हायेत," नर्सबाई म्हणाल्या. "मोठी थोडी. काहींची पानं कापलेली. पन खाली पाचोळ्यात बारकी बारकी रोपं हुती. आपोआप आलेली. कुनी फुगा दाबायला गेलं नव्हतं."

सरांनी खोदून खोदून विचारलं, किती दूर, कुठल्या बाजूच्या उतारावर, सावलीत की उघड्यावर, जवळ नर दिसला का. नर्सबाईंना यातलं सगळं आठवत नव्हतं. काही उत्तरं त्यांनी दोनदा बदलली. नर दिसला होता, वासावरून, एवढं मात्र त्या ठाम सांगत होत्या.

पाहणीच्या अहवालात पुढे त्या झाडाला संकटातलंच म्हटलं, आणि ओढ्यापलीकडच्या जागेला जपावं अशी शिफारस झाली. ती किती पाळली गेली ते मला सांगता येणार नाही. त्या दुपारी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. नर्सबाईंनी तिकडून वाळलेली कोकमं आणली होती. त्यांनी तिघांची सोय लावली: मी भाकऱ्या करायच्या, सरांनी नारळ खवायचा, आणि सोलकढी त्या स्वतः करणार. सर एरवी साडेबाराची बस पकडून घरी जेवायला जायचे. त्या दिवशी त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खवणी कुठे आहे ते विचारलं.